९ मार्कांनी हुकलेली फाउंडेशन आणि ७ लाखांचं एमबीए

पत्र आलंय बार्शीहून. लांब होतं, थोडं कमी करून देते.

"ताई नमस्कार. मी यंदा बीकॉम झाले, ६३ टक्के पडले. बारावीनंतर सीए फाउंडेशन एकदा दिली होती, २०० पाहिजे होते आणि १९१ आले, परत द्यायचा धीरच झाला नाही. वडील अडत दुकानात दिवाणजी आहेत, ते म्हणतात सीएच कर. मामा म्हणतात एमकॉम कर आणि बँकेच्या परीक्षा दे. पुण्याजवळ एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत एमबीए फायनान्स विथ सीएफए आहे, फी ७ लाख, त्यांचा काउन्सेलर रोज फोन करतो, म्हणतो शेवटच्या ४ सीट राहिल्यात, लोन आम्ही करून देतो. मला खरं सांगायचं तर कंपन्यांचे ताळेबंद वाचायला आवडतात. टीवायला प्रोजेक्टसाठी एका साखर कारखान्याचे ३ वर्षांचे अहवाल घेतले होते, विक्री वाढली तरी नफा का नाही हे शोधत बसले आणि रात्रीचे २ वाजले ते कळलंच नाही. पण ह्या कामाला काय म्हणतात, ह्यात नोकरी असते का, काहीच माहीत नाही. घरचं उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत आहे, आम्ही ओबीसी, धाकटा भाऊ बारावीला आहे. काय करू?"

आधी एक काम कर, त्या काउन्सेलरचा नंबर ब्लॉक कर आणि मग पुढचं वाच.

रागाने नाही सांगत. पण ज्या कोर्सला रोज फोन करून मुलं गोळा करावी लागतात तिथे मुलं आपणहून येत नाहीयेत एवढं त्यातून समजून घ्यायचं. आणि ते "विथ सीएफए" म्हणजे काय ते पण नीट बघ, कारण ह्या दोन शब्दांवर कितीतरी घरांनी कर्ज काढलेलं मी पाहिलंय. सीएफए म्हणजे गुंतवणूक आणि कंपन्यांचे आकडे पारखायचा कोर्स, त्याची परीक्षा घेते अमेरिकेतली सीएफए इन्स्टिट्यूट. तिच्या ३ लेव्हल असतात, फी डॉलरमध्ये, आपल्याकडे एका लेव्हलला लाखाच्या आसपास जाते, आणि तिन्ही लेव्हल पास झाल्यावरसुद्धा किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा कामाचा अनुभव दाखवला की मग चार्टर मिळतं. हे कुठलंही कॉलेज तुला देऊ शकत नाही, कॉलेज फार तर पहिल्या लेव्हलचा सिलॅबस शिकवतं. तिकडच्या परीक्षेची फी ७ लाखांत धरलीय का, हे त्यांना ईमेलवर विचारून बघ, फोनवर नाही, लेखी.

आता कर्जाचा हिशोब. ७ लाख, साडेदहा टक्के, ७ वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता पावणेबारा हजाराच्या वर जातो, आणि शिकत असतानाच्या २ वर्षांचं व्याज, हॉस्टेल, मेस हे मी अजून धरलेलंच नाही. तुमच्या घरात महिन्याला येतात पंचवीस हजाराच्या आत. ह्यात भावाचं शिक्षण पण बसवायचंय. आणि साध्या कॉलेजातून एमबीए फायनान्स झालेल्या मुलांना कॅम्पसवर पहिली नोकरी बहुतेक कशाची लागते ते पण ऐकून ठेव, बँकेचे किंवा इन्शुरन्सचे प्रॉडक्ट विकायची, टार्गेटवर. वाईट काम नाहीये ते, काही जणांना छान जमतं. पण ताळेबंद वाचण्याशी त्याचा काही संबंध नाही.

तू पत्रात उत्पन्न आणि ओबीसी हे जाता जाता लिहून गेलीस, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारचा निर्णय झालाय, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. आधी हे ५० टक्के होतं. एमबीए पण त्यात येतं. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून चालत नाही, आणि खाजगी विद्यापीठं, खाजगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे तुला रोज ज्यांचा फोन येतो नेमकी तीच जागा ह्या सवलतीच्या बाहेर आहे, आणि सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन कॅपमधून गेलीस तर ट्यूशन फीचा एक रुपया नाही. हे तुला एकाही काउन्सेलरने सांगितलं नसेल. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, जात पडताळणी, डोमिसाइल, ही कागदं आत्तापासून काढून ठेव, पुढे काहीही ठरलं तरी लागतील, आणि जात पडताळणीला किती दिवस जातात हे तुमच्याकडे कुणालाही विचार.

पण म्हणून एमबीएच कर असं मी म्हणत नाहीये, थांब जरा.

त्या साखर कारखान्याकडे येऊ. तू रात्री २ पर्यंत जे करत होतीस त्याला क्रेडिट ॲनालिसिस म्हणतात, म्हणजे कर्ज घेणारा ते फेडू शकेल का हे आकड्यांवरून ओळखायचं, आणि त्यावर हजारो लोकांचं पोट चालतं. तुला काय सापडलं ते तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक हे सापडलं असेल. ऊस आला की १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायला लागते, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं आहे, उशीर केला तर १५ टक्के व्याज. गाळप चालतं ४-५ महिने. साखर मात्र वर्षभर विकायची, आणि तीही केंद्र दर महिन्याला जेवढा कोटा सोडेल तेवढीच. मग शेतकऱ्याला द्यायला पैसे कुठून आणायचे, तर गोदामातली पोती बँकेकडे तारण ठेवायची आणि उचल घ्यायची. पोतं पडून आहे तोवर त्याच्यावर व्याज चढत राहतं. म्हणून विक्री वाढली तरी नफा व्याजात जातो. हे ज्याला ताळेबंदातून दिसतं त्याला बँकेच्या क्रेडिट डिपार्टमेंटमध्ये जागा असते, क्रिसिल, इक्रा, केअर ह्यांच्यासारख्या, कंपन्यांची पत ठरवणाऱ्या रेटिंग एजन्सीत असते, म्युच्युअल फंडाच्या डेट टीममध्ये असते, ब्रोकरच्या रिसर्चमध्ये असते. तर हो, ह्यात नोकरी असते, आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच लिहून पाठवलंयस.

राहिला प्रश्न त्या खुर्चीपर्यंत जायचं कसं. तिथे मला जी माणसं भेटली ती तीन प्रकारची, सीए, चांगल्या कॉलेजचे एमबीए, आणि सीएफए झालेले किंवा करत असलेले. नुसतं एमकॉम करून तिथे पोचलेलं फार क्वचित कुणी दिसतं.

आता डिग्री आणि प्रोफेशनल कोर्स ह्यात फरक काय. डिग्रीची तारीख ठरलेली असते, दोन वर्षांनी तू बाहेर पडणार हे आजच माहीत असतं. पण तिची किंमत कॉलेजवर ठरते. मुंबईच्या जमनालाल बजाज कॉलेजचं एमबीए आणि कुठल्यातरी हायवेवरच्या कॉलेजचं एमबीए, कागदावर अक्षरं तीच, पण बाजारात एक नाही. आणि बजाजला जायचं तर सीईटीला ९९ च्या पुढचे पर्सेंटाइल लागतात. प्रोफेशनल कोर्सचं बरोबर उलटं, तारीख कुणीच सांगू शकत नाही, पण एकदा पास झालीस की कुठल्या गावची, कुठल्या क्लासची, इंग्रजी कसं बोलतेस, हे त्या सभासद क्रमांकावर लिहिलेलं नसतं. मुंबईत वाढलेल्या सीएची सही आणि बार्शीच्या सीएची सही, ऑडिट रिपोर्टवर दोन्हीची किंमत एकच. आपल्यासारख्या गावातून आलेल्या मुलींसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, मी स्वतः त्याच्या जोरावर उभी राहिलेय म्हणून सांगते.

आणि अजून एक, जे लोक विचारत नाहीत आणि तुझ्या घरासाठी मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे हे मधेच सुटलं तर हातात काय उरतं? एमबीए एका वर्षात सोडलं तर हातात काही नाही, वर कर्ज. सीएफए ची एक लेव्हल देऊन सोडलं तर रेझ्युमेवर एक ओळ राहते, उपयोगी आहे पण एकटी तिच्यावर नोकरी मिळणं अवघड. सीए इंटर (फाउंडेशननंतरची मधली परीक्षा) पास होऊन आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, पूर्ण केली आणि शेवटची फायनल नाही निघाली तरी २ वर्षांचं खरं ऑडिटचं, टॅक्सचं, जीएसटीचं काम हातात असतं, अशा मुलांना कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये आणि पुण्यात खराडी-हिंजवडीकडे जी मोठ्या बँकांची, कंपन्यांची ऑफिसं आहेत तिथे नोकऱ्या मिळतात. मी अशी कितीतरी मुलं बघितलीत, फायनल सुटली, पण घर चालतंय व्यवस्थित. म्हणून माझं उत्तर आहे, वडील म्हणतायत ते बरोबर आहे, सीएकडे वळ. पण डोळे झाकून नाही, आणि मुदत घालून.

आधी त्या १९१ मार्कांचं बोलू, कारण खरी गाठ तिथे आहे असं वाटतं.

तुला परत फाउंडेशन द्यायची गरजच नाहीये. कॉमर्सची डिग्री ५५ टक्क्यांनी झालेल्याला डायरेक्ट एंट्री असते, सरळ इंटरला. तुझे ६३ आहेत. कदाचित तुला हे माहीत असेल पण भीतीने तिकडे बघितलं नसशील. फाउंडेशनच्या ४ पेपरांपैकी २ पेपर नुसते ऑब्जेक्टिव्ह असतात, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, त्यात गणित-स्टॅटिस्टिक्स, आणि हे सगळं अठराव्या वर्षी, बारावीच्या लगेच नंतर. त्यात ९ मार्क कमी पडले म्हणजे तू सीए होऊ शकत नाहीस असा अर्थ कुठूनही निघत नाही. इंटर वेगळी परीक्षा आहे. ६ पेपर, २ ग्रुप, ३० टक्के एमसीक्यू आणि त्याला निगेटिव्ह मार्किंग नाही, बाकी लिहायचं. अकाउंट्स, कायदा, टॅक्स एका ग्रुपला, कॉस्टिंग, ऑडिट आणि फायनान्शियल मॅनेजमेंट दुसऱ्याला. जी मुलगी ३ वर्षांचे अहवाल समोर घेऊन उत्तर शोधत बसते तिला हे पेपर फाउंडेशनपेक्षा जवळचे वाटतील, मला तरी असं वाटतं.

सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४ च्या मे मध्ये इंटरचे दोन्ही ग्रुप एकदम दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास पास झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरला ६ टक्क्यांच्याही खाली. हे आकडे बघून झोप उडते, माहितीय मला. पण त्यात नोकरी करत देणारे, नुसता फॉर्म भरलेले, अर्धा सिलॅबस झालेले, सगळे असतात. तू ८ महिने घरी बसून पूर्ण वेळ अभ्यास करणार असशील तर तुझी तुलना त्या सगळ्या गर्दीशी नाही.

प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपची बेरीज ५० टक्के, हा नियम तुला माहीतच आहे. पण दोन्ही ग्रुप एकदम दिले की ५० टक्के दोन्हींच्या मिळून धरतात, म्हणजे एका ग्रुपमधले वरचे मार्क दुसऱ्याला उपयोगी पडतात. ९ मार्कांनी राहिलेल्या माणसाला ह्याची किंमत मी वेगळी सांगायला नको. शिवाय एखाद्या पेपरला ६० पडले आणि ग्रुप राहिला तरी त्या पेपरची सूट पुढच्या ३ परीक्षांना चालते. आणि आता नवीन स्कीममध्ये दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही, त्यामुळे एक-एक करून फार काही वाचत नाही. माझं मत, दोन्ही एकदम दे.

वेळेचं गणित बघ. नोंदणीनंतर ८ महिने झाल्यावर परीक्षेला बसता येतं, तर ऑगस्टच्या आत नोंदणी केलीस की मे ची परीक्षा मिळते. इंटर आता वर्षातून ३ वेळा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर, आमच्या वेळी दोनदाच असायची. आर्टिकलशिप २०२३ च्या नवीन स्कीमने ३ वरून २ वर्षांवर आलीय, ती संपल्यावर ६ महिन्यांनी फायनल. सगळं पहिल्या झटक्यात निघालं तर आजपासून ४ वर्षं. आणि एमबीए? यंदाची सीईटी तर होऊन गेली, म्हणजे फीमाफीवालं एमबीए पुढच्या वर्षीच सुरू होणार, आजपासून ३ वर्षं. म्हणजे फरक एका वर्षाचा आहे, लोक जेवढा मोठा करून सांगतात तेवढा नाही. अर्थात इंटरच्या प्रत्येक अपयशाचे ४ महिने त्यात वाढतात, तेही धर.

खर्च, सीए इन्स्टिट्यूटची सगळी फी, इंटर, फायनल, ते आयटीचे आणि ओरिएंटेशनचे कोर्स, हे सगळं मिळून लाखाच्या आत बसतं. क्लासची फी वेगळी आणि ती वाट्टेल तेवढी असू शकते. पण इन्स्टिट्यूटचे स्वतःचे लाइव्ह क्लास फुकट असतात, स्टडी मटेरियल आहे, आरटीपी, एमटीपी म्हणजे सरावाचे पेपर आहेत, आणि पेपर काढणारे शेवटी तिथलंच धरून काढतात. टॅक्स आणि ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग ह्या दोनला हवा असेल तर चांगला ऑनलाइन क्लास लाव, बाकीचं मटेरियलवर निघतं. सहाही विषयांचे क्लास लावून पैसे आणि दिवस दोन्ही घालवणारी मुलं मी दरवर्षी बघते, क्लासचे व्हिडिओ संपवण्यातच परीक्षा येते आणि एकही पेपर घड्याळ लावून लिहिलेला नसतो.

आणि आता मुदत. मे, सप्टेंबर, जानेवारी, ह्या ३ परीक्षा. ३ मध्ये दोन्ही ग्रुप निघाले तर पुढे जायचं. नाही निघाले तर त्याच वर्षी एमबीए सीईटी द्यायची. त्यासाठी सीईटीचा फॉर्म त्या हिवाळ्यातच भरून ठेवायचा, जानेवारीच्या निकालाची वाट बघत बसायचं नाही, नाहीतर अजून एक वर्ष जातं. सीईटीत २०० प्रश्न, अडीच तास, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, इंटरच्या अभ्यासातून आलेल्या मुलीला दोन-अडीच महिन्यांत बरी तयारी होते. एक ग्रुप निघून दुसरा अगदी थोडक्यात राहिला असेल तर अजून एक संधी घे, पण ती पण वडिलांशी बोलून, तारीख लिहून. सीए वाईट नाहीये, पण "अजून एक अटेम्प्ट" करत २९ वर्षांची झालेली मुलं मी जवळून पाहिलीत आणि त्यांचं दुःख नापास होण्यापेक्षा ह्याचं जास्त असतं की थांबायचं कधी हे कुणी ठरवलंच नव्हतं.

माझं स्वतःचं सांगते. इंटर दुसऱ्यांदा निघाली, फायनल पाचव्यांदा. आर्टिकलशिपचे पहिले ८ महिने मी जिथे होते तिथे मला बँकेत स्लिपा भरायला आणि झेरॉक्स आणायला पाठवायचे, ऑडिट म्हणजे काय ते मला त्या ८ महिन्यांत दिसलं नाही, आणि मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. दुसऱ्या फर्ममध्ये गेले तेव्हा पहिल्याच एप्रिलला बँकेच्या ब्रँच ऑडिटला नेलं, समोर कर्जाच्या फाइली टाकल्या आणि सर म्हणाले ह्यातलं कुठलं खातं बुडणार ते शोध. त्या १० दिवसांत जे शिकले ते आधीच्या ८ महिन्यांत नाही शिकले. म्हणून फर्म निवडताना एकच गोष्ट विचार, आत्ता तिथे असलेल्या एखाद्या आर्टिकलशी १० मिनिटं बोलू देता का. जी फर्म देते तिथे जा.

आणि पुण्या-मुंबईचा हट्ट नको. स्टायपेंड काही हजार असतो, पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेस लावली की तो तिथेच संपतो आणि वर घरून मागवायला लागतात. सोलापूर बघ. तिथे इन्स्टिट्यूटची शाखा आहे, आणि मध्यम फर्म असली, ५-७ आर्टिकल असलेली, तर साखर कारखाने, टॉवेल-चादरीवाले, सहकारी बँका, पतसंस्था, सगळं एका ठिकाणी शिकायला मिळतं. मोठ्या नावाच्या फर्ममध्ये दोन वर्षं एकाच कंपनीचं एकच काम करत बसलेली मुलं असतात, नाव मोठं होतं पण पूर्ण ताळेबंद एकटीने कधी हातात येत नाही. तुला जे आवडतं त्यासाठी सोलापूर जास्त चांगलं आहे, आणि बार्शीची एसटी आहेच, पण रोज जाऊन येऊन करू नकोस, सप्टेंबरला टॅक्स ऑडिटच्या दिवसांत रात्री १० वाजता स्टँडवर उभी राहू नयेस असं वाटतं.

मामांना पण नीट उत्तर दे, ते काळजीने सांगतायत. बँकेच्या पीओ परीक्षेला पदवी पुरते, एमकॉम लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ला पदवीला ६० टक्के लागतात, ते तुझे आहेत. सेबीच्या ग्रेड ए जनरलला पदव्युत्तर लागतं, पण तिथे सीए, सीएमए (कॉस्ट अकाउंटंट), सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएफए पण चालतं. आणि प्राध्यापक व्हायची इच्छा झालीच कधी, तर यूजीसीने २०२१ मध्ये सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटन्सी ह्यांना नेट परीक्षेसाठी पदव्युत्तर बरोबर धरलंय. म्हणजे मामा ज्यासाठी एमकॉम म्हणतायत ते सगळं सीएच्या रस्त्यावरूनही मिळतं. शिकवण्याची ओढ असती तर मीच एमकॉम आणि सेट म्हणाले असते, पण तुझ्या पत्रात ती कुठे दिसली नाही.

सीएमए म्हणजे पूर्वीचं आयसीडब्ल्यूए, त्याचा तू विचार केलेला दिसत नाही. पदवीधराला तिथेही सरळ इंटरला बसता येतं, प्रॅक्टिकल ट्रेनिंग १५ महिन्यांचं, आणि फॅक्टरीच्या आतला हिशोब, एक पोतं साखर बनायला नक्की किती लागतं, हे त्यात खरं शिकवतात. खाजगी साखर कंपन्या, सिमेंट, औषधं, इथे कॉस्ट ऑडिट लागतं आणि तिथे ही माणसं हवी असतात. ३ परीक्षांनंतर सीए नाही झालं आणि एमबीए पण नको वाटलं तर हा दरवाजा आहे, सिलॅबस बराचसा सारखा असल्याने केलेला अभ्यास वाया जात नाही. सीएस कायद्याकडे जातं, ते तुझं नाही.

सीएफए मात्र डोक्यात ठेव, कारण तुला जे काम हवंय त्याच्या सगळ्यात जवळचं तेच आहे. फक्त आत्ता नको. लेव्हल १ ला २०२४ मध्ये ४३ ते ४६ टक्के मुलं पास झाली, म्हणजे इंटरपेक्षा निकाल बरा, त्यामुळे क्लासवाले हेच दाखवून बोलावतात, पण तिन्ही लेव्हलला प्रत्येकी ३०० तासांचा अभ्यास धरतात आणि पैसे घरचे जाणार. सीए झालीस, नोकरी लागली, की स्वतःच्या पगारातून भर. बऱ्याच ठिकाणी कंपनीच फी देते. सीए आणि त्यावर सीएफए असलेली मुलगी रेटिंग एजन्सीत गेली की तिला कुणी गाव विचारत नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, मीच काढते. अशा कोर्सला शेवटची तारीख नसते, आणि मुलीच्या बाबतीत ती तारीख मग दुसरं कुणीतरी ठरवतं, दुसरी परीक्षा राहिली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते. तुझे वडील सीए कर म्हणतायत ते मनापासून, पण त्यांच्या मनात किती वर्षं आहेत हे तू विचारलंयस का? आजच विचार. ४ वर्षं माग, मध्ये ३ परीक्षांची मुदत आहे हे पण सांग, कागदावर लिहून दाखव. दिवाणजी माणूस आहे, लिहिलेल्या हिशोबाला मान देईल. आणि नोंदणी करायच्या आधी आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून रोजमेळ आणि खतावणी कशी लिहितात ते बघ, कॉलेजने शिकवलेलं डेबिट-क्रेडिट तिथे जिवंत दिसेल, ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगच्या पेपरला त्याचा उपयोग होतो.

ते कारखान्याचे अहवाल टाकून देऊ नकोस. तिन्ही वर्षांचं एकूण व्याज घे, त्याला त्या-त्या वर्षी विकलेल्या साखरेने भाग, क्विंटलमागे किती व्याज पडलं ते काढ. मग तिन्ही वर्षांच्या शेवटी शिल्लक साठा किती होता ते त्याच्या शेजारी लिही. एका पानावर बसेल. ते पान मला पाठव, त्यावर पुढचं बोलू.